डाय उघडण्याआधी अर्ज: खान्देशातल्या कारखानदारासाठी पेटंटची वाट

जळगाव एमआयडीसीत संध्याकाळी चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहा, दोन-तीन शोध फुकटात ऐकायला मिळतात. एकाने डायच्या (साच्याच्या) कोअरमध्ये, म्हणजे मालाला आतून आकार देणाऱ्या भागात, तांब्याचा तुकडा बसवून सायकल, म्हणजे एक नग निघायला लागणारा वेळ, चार सेकंदांनी खाली आणलेली असते. दुसऱ्याने चटईच्या नळीला वेगळा रंग आणायला एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबून नळी काढणाऱ्या मशीनच्या, तोंडाशी काहीतरी जुगाड केलेलं असतं. तिसऱ्याचा पोरगा आठही मशीनचे शॉट, म्हणजे डायमध्ये किती वेळा माल भरला ते, मोबाईलवर दाखवतो. हे सगळं भर रस्त्यात, मोठ्या आवाजात, टाळ्या देऊन सांगितलं जातं. महिनाभरात तेच शेजारच्या गाळ्यात चालू झालेलं दिसतं, आणि मग ‘आते काय करानं, भाऊ?’ असा प्रश्न येतो.

मीही याच टपरीवरचा. काही वर्षांपूर्वी ठिबकच्या नळीसाठी एक जॉइनर केला, छान चालला. शेतीच्या प्रदर्शनात टेबल लावलं, रंगीत पत्रक छापलं, दोन हजार नग वाटले. आठ महिन्यांनी पेटंट एजंटकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘हे कुणाला दाखवलंय का?’ मी अभिमानाने बॅगेतून पत्रक काढलं. त्याने ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि चहा मागवला. त्या चहाचे पैसेही त्यानेच दिले, यावरून काय ते समजलो.

तेव्हा वाट चुकलो ती क्रमामुळे. म्हणून इथे पायऱ्या सांगतो त्या ज्या क्रमाने घ्यायच्या त्याच क्रमाने. प्लॅस्टिक मोल्डिंग आणि मशीनच्या डेटाची जुळवणी (वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी मिळवणं), अशी दोन्हीकडची उदाहरणं घेतो, कारण आता आपल्या गाळ्यांत दोन्ही एकाच छताखाली आलंय.

आधी तोंड बंद

पेटंट कायदा १९७० चा. त्यात शोध ‘नवा’ हवा, आणि नवा म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही छापलेला, विकलेला, उघडपणे वापरलेला नको. तुम्ही स्वतःच छापला असला तरी तो जुना झाला. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ, यूट्यूबवरची रील, डीलरला पाठवलेला नमुना, पहिलं बिल, या सगळ्यांनी घात होतो.

प्रदर्शनासाठी सवलत आहे असं बरेच जण सांगतात. आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आणि तिथेही १२ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. गावोगावी मंडप टाकून भरणारी प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. ही सवलत मनात धरून चालूच नका.

मग डाय बनवणाऱ्याला ड्रॉइंग द्यायचं कसं? आपल्यातले बरेच जण डाय बाहेरून करून आणतात, कुणी पुण्याहून, कुणी राजकोटहून. ड्रॉइंग देण्याआधी एका पानाचा गोपनीयता करार करा आणि त्याच पानावर लिहून घ्या की डाय बनवताना त्याने काही सुधारणा सुचवली तर तिचे हक्क तुमच्याकडे येतील. डायमेकर वीस वर्षांच्या ओळखीतला असतो, सही मागायला लाज वाटते. मागा. ‘एजंटने सांगितलंय’ असं म्हणून एजंटच्या डोक्यावर खापर फोडा.

वहीत आकडे

दोनशे पानी वही घ्या, पानांना क्रमांक द्या. त्यात ‘भारी आयडिया सुचली’ असं नको. आधी अडचण, तीही मोजून. उदाहरण देतो.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला हवामान खात्याची गरज नाही. ज्याच्याकडे पाणी थंडगार ठेवणारा चिलर नाही, नुसता कूलिंग टॉवर आहे, त्याचं डायला जाणारं पाणी सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं असतं. सकाळी लावलेला कूलिंग टाइम दुपारी अपुरा पडतो, माल गरम निघतो, वाकतो, आकसतो. ऑपरेटर वैतागून कूलिंग सरळ पाच सेकंद वाढवतो आणि रात्री कमी करायला विसरतो. आता वहीत काय लिहायचं? दर तासाला आत जाणाऱ्या पाण्याचं तापमान, बाहेर येणाऱ्याचं तापमान, कूलिंग टाइम, दहा नगांचं वजन, दहा नगांचा व्यास. आठवडाभर. मग तुमची युक्ती लावा आणि पुन्हा आठवडाभर तेच.

हे आकडे पुढे दोनदा कामी येतात: अर्ज लिहिताना, आणि पेटंट कार्यालयाचा तपासणी अधिकारी ‘यात विशेष काय’ म्हणेल तेव्हा. मोल्डिंगमध्ये काही गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. थंड व्हायला लागणारा वेळ नगाच्या भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २ मिलिमीटरची भिंत ३ केली की वेळ दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) हे प्लॅस्टिक साधारण एक ते अडीच टक्के आकसतं. तुम्ही भिंत पातळ केली आणि सायकल कमी झाली, तर अधिकारी म्हणेल हे पुस्तकात आहे. पुस्तकाने सांगितलं असतं त्यापेक्षा निराळं काही घडलं का, ते वहीतून दिसायला हवं.

वहीच्या तारखेने पेटंट मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क, आधी सुचलेल्याचा नाही.

हे पेटंटचं काम आहे का?

प्रत्येक गोष्टीला पेटंट हा उपाय नसतो. मालाचा नुसता आकार किंवा नक्षी नवी असेल, उदाहरणार्थ खुर्चीची पाठ किंवा बाटलीचा घाट, तर डिझाइन नोंदणी करा. ती डिझाइन कायदा २००० खाली होते, १० वर्षं चालते, पुढे ५ वर्षं वाढते, आणि छोट्या अर्जदाराला फी १,००० रुपये. पण तिथेही आधी दाखवलं की गेलं, हा नियम तोच. प्रोग्रामच्या लिखाणाला कॉपीराइट आपोआप असतो. मात्र तो लिखाणाला असतो, त्यामागच्या युक्तीला नाही. दुसऱ्याने तीच युक्ती स्वतःच्या शब्दांत लिहिली तर कॉपीराइट काही करू शकत नाही.

आणि काही गोष्टी गुपितच ठेवाव्यात. रिग्राइंड (पुन्हा दळलेला टाकाऊ माल) किती टक्के, प्लॅस्टिकचा कुठला दाणा, कुठल्या टप्प्याला किती तापमान, या गोष्टी तयार माल बघून कुणाला कळत नाहीत. पेटंट घ्यायचं तर त्या कागदावर सविस्तर लिहाव्या लागतात आणि तो कागद जगाला खुला होतो. समोरचा आपल्या गाळ्यात गपचूप तेच करतोय हे तुम्ही सिद्ध कसं करणार? माझा ठोकताळा साधा आहे: बाजारातून नग विकत आणून, कापून, नक्कल पकडता येत असेल तर पेटंट, नाहीतर कुलूप.

जुनं शोधणं

आपली युक्ती कुणी आधीच केली आहे का हे शोधायची ही पायरी लोक टाळतात, कारण इथे मन मोडतं. पण एजंटला पैसे देऊन मन मोडण्यापेक्षा घरी बसून फुकटात मोडलेलं बरं.

भारतातले अर्ज ‘इनपास’ या सरकारी संकेतस्थळावर सापडतात, जगभरातले गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि पेटंटस्कोपवर. नुसते शब्द टाकून भागत नाही. आपण ‘जॉइनर’ म्हणतो त्याला कुणी ‘कपलिंग’ म्हणतं, कुणी ‘कनेक्टर’, कुणी ‘फिटिंग’. म्हणून वर्गीकरणाचा क्रमांक वापरा. इंजेक्शन मोल्डिंगचा वर्ग बी २९ सी ४५, एक्स्ट्रूजनचा बी २९ सी ४८, ब्लो मोल्डिंगचा बी २९ सी ४९. डेटाबेसमधल्या जुळवणीसाठी जी ०६ एफ १६/२७, आणि नेटवर्कवरच्या यंत्रांमधल्या जुळवणीसाठी एच ०४ एल ६७/१०९५. शोधताना हे क्रमांक इंग्रजी अक्षरांत टाकायचे. एक चांगला दस्तऐवज सापडला की त्याने कुणाचे दाखले दिलेत आणि त्याचे दाखले कुणी दिलेत, हे दोन्ही बघत जा. विहिरीचा झरा सापडावा तसं एकातून दुसरं निघत जातं.

माझ्या दुसऱ्या जॉइनरची गोष्ट. नळीत घुसणाऱ्या दातांवरून डायची पार्टिंग लाइन, म्हणजे डायचे दोन अर्धे भाग मिळतात ती रेष, जाते, तिथे प्लॅस्टिकची केसाएवढी कड, म्हणजे फ्लॅश, राहते आणि बरोबर तिथूनच पाणी झिरपतं. मी दातांवरची ती रेष दोन्ही बाजूंनी खाली बुडवली, गळती थांबली. स्वतःवर खूश होतो. भाच्याने तीन रात्री शोधाशोध केली आणि चौथ्या दिवशी एक जुनं परदेशी पेटंट समोर ठेवलं, चित्रासकट. माझंच चित्र, फक्त टोप्या वेगळ्या.

पण त्यातूनही कमाई झाली. पेटंट देशापुरतं असतं. परदेशात घेतलेलं आणि भारतात न घेतलेलं पेटंट इथे कुणाला अडवू शकत नाही. मुदत संपलेलं तर कुठेच नाही. इनपासवर बघितलं, त्याच शोधाचा भारतात अर्ज नव्हता. मला पेटंट मिळणार नव्हतं, पण माल बिनधास्त बनवता येणार होता, आणि त्या जुन्या दस्तऐवजात दातांच्या कोनाचे जे आकडे होते ते मी वर्षभर घासूनही मिळाले नसते.

असं वाचताना आपला धंदा कुठून आला तेही कळतं. इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्राचं पेटंट जॉन वेस्ली हायट आणि त्याचा भाऊ आयझाया यांनी १८७२ साली अमेरिकेत घेतलं. ते दट्ट्याचं यंत्र होतं, मोठ्या पिचकारीसारखं. आपल्या गाळ्यात आहे तसं स्क्रूचं यंत्र जेम्स हेंड्रीने केलं ते १९४६ साली, म्हणजे मधे पाऊण शतक गेलं. ठिबकचंही तसंच. सिम्हा ब्लास यांनी प्लॅस्टिकच्या लांब, वळणदार वाटेतून पाणी नेऊन त्याचा दाब मोडायची युक्ती काढली आणि १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्सेरिम किबुत्झबरोबर (किबुत्झ म्हणजे सामूहिक वसाहत) तिचा धंदा सुरू केला. आज रावेर-यावलच्या केळीला पाणी देणाऱ्या ड्रिपरमध्ये तोच वळणदार रस्ता आहे, फक्त बारीक दातेरी झालाय.

कायद्याच्या तीन खोड्या

कायद्याचं कलम ३ म्हणजे ‘कशाला पेटंट नाही’ याची यादी. आपल्याला त्यातली तीन पोटकलमं जास्त अडवतात.

३(एफ): माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करतोय, तर पेटंट नाही. दाणा ओतायच्या हॉपरला ड्रायर जोडला, वर दिवा लावला, हे त्यात बसतं. एकामुळे दुसऱ्याच्या कामात फरक पडतो हे दाखवता आलं तर बात वेगळी.

३(एच): शेती किंवा फळबागेच्या पद्धतीला पेटंट नाही. केळीच्या खोडाला कधी, किती पाणी द्यायचं ही पद्धत अडकते. ते पाणी मोजून सोडणारा व्हॉल्व्ह अडकत नाही. म्हणून पद्धतीपेक्षा वस्तू लिहा.

३(के): गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. सॉफ्टवेअरवाली मुलं इथे हात टेकतात. पण ‘निव्वळ’ या शब्दात जागा आहे. फरीद अलानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की शोधाचा तांत्रिक परिणाम असेल तर तो केवळ प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. हा तांत्रिक परिणाम म्हणजे काय, ते जुळवणीच्या उदाहरणातून बघू.

डेटा जुळवणीत नवं काय असू शकतं

गाळ्यात आठ मशीन आहेत. प्रत्येकावर एक छोटा डबा शॉट मोजतो आणि ऑफिसच्या संगणकाला कळवतो. लाइट जाते. जनरेटर चालू होईपर्यंत काही डबे बंद पडतात, राउटर बंद पडतो, एक-दोन डबे बॅटरीवर मोजत राहतात. लाइट आल्यावर ज्याला जे आठवतं ते तो पाठवतो. काही शॉट दोनदा येतात, काही येतच नाहीत, आणि महिन्याअखेरीस सुपरवायझरची वही, संगणक आणि गोदाम यांची तीन तोंडं तीन दिशांना.

यावरचे नेहमीचे उपाय जुने आहेत आणि ते वापरायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक डब्याने आपल्या शॉटला आपलाच चढता क्रमांक द्यावा आणि तो लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवावा. जोडणी परत आली की ऑफिसने ‘माझ्याकडे तुझा ४,३१२ पर्यंत आहे’ एवढंच सांगावं, डब्याने ४,३१३ पासून पुढचे द्यावेत. एकच क्रमांक दोनदा आला तर दुसरा टाकून द्यावा. निम्म्या गाळ्यांचं दुखणं एवढ्यानेच जातं, पेटंटचं नाव न काढता.

याच्या पलीकडेही बरंच झालेलं आहे. वेगवेगळ्या संगणकांची घड्याळं जुळत नसताना घटनांचा क्रम कसा लावायचा, हे लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ मध्ये दाखवलं. राल्फ मर्कलने १९७९ मध्ये अर्ज केलेलं झाडासारख्या रचनेचं अमेरिकन पेटंट १९८२ ला मिळालं. ते डिजिटल सहीसाठी होतं, पण आज दोन मोठे डेटाबेस नेमके कुठे वेगळे आहेत हे झटक्यात शोधायला त्याच झाडाचा वापर होतो. त्या पेटंटची मुदत कधीच संपली. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक हा प्रोग्राम आणला, ज्यात फाइलचा फक्त बदललेला तुकडा पाठवला जातो. तेव्हा ‘आम्ही फक्त बदल पाठवतो’ एवढ्यावर अर्ज घेऊन गेलात तर अधिकारी कागद खाली ठेवायच्या आत दाखला काढेल.

मग नवं कुठे? यंत्राच्या अंगात. एक कल्पना मांडतो. डब्यांमधली स्वस्त घड्याळं लाइट गेल्यावर शून्यावर येतात. एक डबा पंपाच्या मोटारीच्या वायरवर अडकवलेल्या सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) करंट बघतो, दुसरा डबा पुढच्या काट्यावर नगाचं वजन बघतो. दोघांच्या नोंदी जुळवायच्या, पण वेळ विश्वासाची नाही. प्रत्येक शॉटला मोटारीच्या करंटचा एक आकार असतो: क्लॅम्प (डाय बंद होणं), इंजेक्शन (प्लॅस्टिक भरणं), होल्ड (दाब धरून ठेवणं), स्क्रू मागे येणं. एखादा शॉट अर्धवट भरला तर तो आकार बदलतो, आणि थोड्या वेळाने काट्यावर हलका नग येतो. असे दोन-चार वेडेवाकडे शॉट खुणेचे दगड धरून दोन्ही याद्या एकमेकींवर सरकवून बसवायच्या, घड्याळाकडे न बघता. इथे प्रोग्राम आहे, पण तो प्रत्यक्ष यंत्रातून मोजलेल्या गोष्टीवर चालतो, आणि त्याने लाइट गेल्यानंतर चुकीच्या जोडणीचं प्रमाण अमुक इतकं घटतं, जास्तीचं घड्याळ लागत नाही, असं मोजून दाखवता येतं. तांत्रिक परिणाम म्हणतात तो हा.

ही कल्पना आता छापली गेली, म्हणजे जगजाहीर झाली. इथून पुढे जशीच्या तशी ती ना तुम्हाला मिळेल ना मला. पहिल्या पायरीचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

नाव कुणाचं

शोधक म्हणून ज्याला खरंच सुचलं त्याचं नाव यायला हवं. मालकाचं नाव घालून ऑपरेटरचं वगळायचं, हे अनैतिक तर आहेच, शिवाय पुढे कुणी विरोध केला तर घातकही आहे. अर्जदार मात्र वेगळा असू शकतो. शोधक आपला हक्क लेखी करून कंपनीला देतो. नोकरीत असताना लागलेला शोध आपोआप मालकाचा होतो असं धरून चालू नका, नेमणुकीच्या पत्रातच तसं कलम घाला.

कॉलेजच्या मुलांकडून प्रोजेक्ट करून घेत असाल तर आणखी जपा. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीत ८० टक्के सूट आहे, त्यामुळे कॉलेज ‘आम्हीच अर्ज करतो’ म्हणतं. स्वस्तात होतं, पण मग मालक कॉलेज. काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, आणि मुलांनी प्रोजेक्टचं सादरीकरण अर्जानंतरच करावं हेही सांगा.

पुण्या-बंगळुरूला असलेला पुतण्या ‘काका, आपण थेट अमेरिकेत टाकू’ म्हणाला तर त्याला थांबवा. भारतात राहणाऱ्याला आधी पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. हे न पाळणं गुन्हा आहे.

अर्ज

काम पूर्ण झालं नसेल पण युक्ती चालते हे दिसलं असेल, तर तात्पुरता अर्ज करा. त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. त्याने तारीख मिळते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. या १२ महिन्यांना एक दिवसही मुदतवाढ नाही. मात्र तात्पुरत्या अर्जात जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख. दोन ओळी खरडून तारीख अडवून ठेवली असं समजणाऱ्यांची वर्षाअखेरीस फजिती होते. तुमची वही, आकडे, हाताने काढलेली चित्रं, सुचलेले सगळे पर्याय त्यात घाला. हा अर्ज झाला की दुसऱ्या दिवशी हवं तर प्रदर्शनात टेबल लावा. मालावर ‘पेटंट पेंडिंग’ लिहायला हरकत नाही, पण मिळायच्या आधी ‘पेटंटेड’ लिहिलंत तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच चालतो, मराठीत नाही. तरी माझा आग्रह आहे की पहिला मसुदा मराठीत, गाळ्यात बोलतो त्या शब्दांत लिहा. जे मराठीत ऑपरेटरला समजावता येत नाही ते इंग्रजीत गेल्यावर फक्त झाकलं जातं.

नाव पंधरा शब्दांच्या आत, सारांश दीडशे शब्दांच्या आत. वर्णन इतकं खुलं हवं की त्या धंद्यातल्या माणसाला वाचून ते करता यावं. पण जीव ओतायचा तो दाव्यांत, म्हणजे क्लेममध्ये. प्रत्येक दावा एकाच वाक्याचा. पहिला दावा म्हणजे शेताचा बांध. त्यात जेवढ्या गोष्टी जास्त लिहाल तेवढं शेत लहान. ‘तांब्याचा ८ मिलिमीटरचा तुकडा’ लिहिलंत की शेजारी ॲल्युमिनियमचा ९ चा बसवून मोकळा. म्हणून पहिल्या दाव्यात ‘कोअरपेक्षा जास्त उष्णता वाहून नेणाऱ्या धातूचा भाग’, आणि तांबं, जाडी, बसवायची जागा पुढच्या दाव्यांत एकेक करून. पण बांध फार लांब टाकला तर तो कुणाच्या तरी जुन्या शेतात जातो. ही ओढाताण एकट्याने करू नका. कायद्याने एजंट सक्तीचा नाही, पण बाकी सगळं स्वतः करा आणि दावे लिहायला मात्र नोंदणीकृत एजंट घ्या, असं माझं मत. पूर्ण वर्णन दाखल झाल्यावर त्यात नवी गोष्ट घुसवता येत नाही.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे, अँटॉप हिलला जातात, पण खेटे घालावे लागत नाहीत; सगळं ऑनलाइन होतं, त्यासाठी क्लास ३ ची डिजिटल सही लागते. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ वर्णनाचा, फॉर्म ३ परदेशातल्या अर्जांबद्दल, फॉर्म ५ शोधक कोण याचा, एजंट असेल तर फॉर्म २६. छोटा उद्योग म्हणून सवलत हवी तर फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणी.

पैसे किती? स्वतःच्या नावाने किंवा छोट्या उद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे. पुढे दर पानाला १६०, दर दाव्याला ३२०. तात्पुरत्या अर्जानंतरच्या पूर्ण वर्णनाला तेवढ्या मर्यादेत वेगळी फी नाही. तपासणीची विनंती, फॉर्म १८, ४,००० रुपये. म्हणजे सरकारी खर्च ५,६००. डाय पॉलिश करायला याहून जास्त जातात. एजंटची फी वेगळी, आणि तीच मोठी असते. ती टप्प्याटप्प्याने ठरवून लेखी घ्या.

अर्जानंतर

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ आणि २,५०० रुपये भरून लवकर. घाईचं कारण असं की नक्कल करणाऱ्याकडून भरपाई मागायची वेळ आली तर हिशोब प्रसिद्धीच्या तारखेपासून धरता येतो, दावा मात्र पेटंट मिळाल्यावरच लावता येतो.

तपासणी आपोआप होत नाही, मागावी लागते. २०२४ च्या सुधारणेनंतर त्यासाठी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने आहेत, आधी ४८ होते. जुन्या माहितीवर विसंबून राहिलात तर अर्ज असाच मरतो. लवकर तपासणीसाठी फॉर्म १८ए आहे, फी ८,०००. ती सोय स्टार्टअपला, छोट्या उद्योगाला आणि अर्जदारांत निदान एक स्त्री असेल तर मिळते. एकट्या पुरुषाच्या नावावर अर्ज असेल तर नाही. मोल्डची निम्मी कल्पना घरच्या लक्ष्मीची असूनही अर्जात फक्त नवऱ्याचं नाव, असं मी दोन ठिकाणी पाहिलंय. खरं लिहिलं असतं तर रांगही चुकली असती.

मग पहिला तपासणी अहवाल येतो. त्यात बहुतेक वेळा सगळ्यालाच नकार असतो: नवं नाही, स्वाभाविक आहे, कलम ३ मध्ये बसतं. घाबरू नका, तो वाटाघाटीचा पहिला भाव आहे. उत्तराला सहा महिने, आणि मागितले तर आणखी तीन. अधिकाऱ्याने दिलेला प्रत्येक जुना दस्तऐवज स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका. त्याला डायची भाषा येत नसते. दाखल्यातलं पाणी कॅव्हिटीच्या, म्हणजे मालाला बाहेरून आकार देणाऱ्या भागाच्या, बाजूने फिरतंय आणि तुमचं कोअरमधून, हा फरक तुम्हालाच दिसणार. आणि इथे ती वही बाहेर काढायची. दुपारी दोन वाजताची वजनं जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने, शेजारी शेजारी. सुनावणी लागली तर ती सहसा व्हिडिओवर होते, त्यामुळे मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून: छोट्या अर्जदाराला सहाव्या वर्षापर्यंत दरसाल ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८००, पुढे ८,०००. चार किंवा जास्त वर्षांची फी एकदम ऑनलाइन भरली तर १० टक्के सूट. याशिवाय पेटंट वापरात आहे की नाही याचा फॉर्म २७ आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावा लागतो. या तारखा मी ऑफिसच्या फायलीत नाही, कॉम्प्रेसरच्या मागच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवल्यात, जिथे तेल बदलायच्या तारखा आहेत. फायली हरवतात.